आजीच्या वहीतील खुणा आणि 'त्यागमूर्ती' हा शब्द

इंदोऱ्याची नात

सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

माझी आजी मागील पावसाळ्यात गेली. नव्वदी ओलांडून तिला काही वर्षे झाली होती, त्यामुळे तिचे जाणे अकाली म्हणता येणार नाही. अखेरच्या आठवड्यापर्यंत ती स्वतःच्या हाताने जेवत होती आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला थांबवून "कोनाचा होय रे तू?" असे विचारत होती. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा सहा जण बोलले आणि त्यांपैकी पाच जणांनी तिला 'त्यागमूर्ती' म्हटले. बोलणाऱ्यांचे प्रेम खरे होते, डोळ्यांतले पाणीही खरे होते. तरीही घरी परतताना तो शब्द मला टोचत राहिला. तो का टोचला हे नीट मांडता यावे आणि जाणत्यांनी माझी चूक असल्यास दुरुस्त करावी, यासाठी हा धागा काढत आहे.

आजीचा जन्म कामठीचा. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, म्हणजे ती कुणालाच ठाऊक नव्हती. ती स्वतः आपले वय नागपूरच्या परिषदेवरून सांगायची. १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब आले होते तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती आणि आईचे बोट धरून कामठीहून नागपूरला गेली होती. तिला भाषण आठवत नव्हते. आठवत होता तो पायाखालचा चिखल, आणि इतक्या बायका एका जागी पुरुषांशिवाय बसलेल्या तिने त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या, ही गोष्ट.

बिडी वळायला ती त्याहीपूर्वी शिकली होती. हे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. तेंदूची पाने रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळी ती कातरताना तडकत नाहीत. पत्र्याचा एक आयताकृती तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाची पाने कापायची आणि जाड शीर तासून काढायची. मग मांडीवर सूप. सुपात एका बाजूला पाने, दुसऱ्या बाजूला जर्दा. चिमटीभर जर्दा पानावर पसरून ते दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचे, तोंड आत दुमडून बंद करायचे आणि निमुळत्या टोकाला धाग्याचे दोन वेढे द्यायचे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्ट्यांचे एक हजार. हजार बिड्या वळायला सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ जायचा, आणि तोही घरातला स्वयंपाक, पाणी आणि मुले सांभाळून. आजीच्या उजव्या तर्जनीचे नख शेवटपर्यंत पिवळट राहिले. काम सुटून तीस वर्षे झाल्यावरसुद्धा कणीक मळण्यापूर्वी ती हात राखेने घासायची, आणि आम्ही हसलो की म्हणायची, "हात धुतल्याबिगर पिठाले हात नाही लावाचा."

लग्न होऊन ती नागपूरच्या इंदोऱ्यात आली. आजोबा कापडगिरणीत होते. आमच्या ओळीतली बहुतेक माणसे गिरणीत, रेल्वेत नाहीतर बांधकामावर जायची. बिडी वळणारे घर आमचे एकटेच, कारण ती विद्या आजी माहेराहून घेऊन आली होती. तिने ती आपल्या मोठ्या जावेलाही शिकवली. कारखान्याच्या सट्टेदाराने, म्हणजे पाने-जर्दा देऊन बिड्या जमा करून घेणाऱ्या कंत्राटदाराने, कार्ड मात्र एकच केले आणि ते जावेच्या नावाने, कारण घरातली थोरली सून ती. दोघी मिळून वळायच्या आणि हजेरी एकीची लागायची. त्या कारखान्याचे नाव मी लिहीत नाही, आज त्याचा उपयोगही नाही. पण छाट, म्हणजे खराब, म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जायचे आणि त्या बिड्या परतही मिळायच्या नाहीत, हे आजी शेवटपर्यंत विसरली नाही. पुढे भविष्यनिर्वाह निधीचे काही हजार रुपये आले ते जावेला. आजीच्या चाळीस वर्षांच्या कामाचा एकही कागद कुठल्याही कचेरीत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ चा, धम्मदीक्षेचा दिवस ती आम्हाला दर वर्षी सांगायची, आणि दर वेळी सुरुवात लुगड्यापासून करायची. पांढरे वस्त्र नेसून या असे सांगण्यात आले होते आणि नागपुरातली पांढरी लुगडी संपली होती. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे एक होते. त्या दिवशी मावशींचे मूल आजारी होते, म्हणून ते लुगडे नेसून आजी गेली, इंदोऱ्याहून पायी, कडेवर माझी मोठी आत्या. रात्री परत येऊन तिने ते धुतले, चुलीच्या उबेवर वाळवले आणि दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, तेच लुगडे नेसून मावशी गेल्या. ज्यांना पहिल्या दिवशी पोहोचता आले नाही त्यांना दुसऱ्या दिवशी दीक्षा मिळाली, हे पुस्तकांतही नोंदलेले आहे. आमच्या ओळीत मात्र ते एका लुगड्याने नोंदलेले आहे.

आता मूळ विषयाकडे येते. आजीने ओळीतल्या बायकांची एक भिशी चालवली. दर आठवड्याला प्रत्येकीने आठ आणे द्यायचे आणि ज्या घरी नड असेल तिला रक्कम उचलू द्यायची. चिठ्ठी टाकायची नाही, नड बघायची, असा त्यांचा नियम होता. त्या पैशांतून मुलींची शाळेची फी भरली गेली, एका बाईचे बाळंतपण झाले, कुणाच्या घरावर कौले आली. तिला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. २ ऑक्टोबर १९७८ पासून राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर आमच्या विहारात भरणाऱ्या रात्रीच्या वर्गात ती सही करायला शिकली. त्याआधीचा हिशेब तिने खुणांनी ठेवला. तिच्या पेटीत ती वही सापडली. पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात '१९६८, जून' एवढेच आहे, आणि पुढे सारी चित्रे.

एकेका घराला एकेक खूण. नळाजवळच्या घराला एक उभी रेघ आणि तिच्याखाली तीन थेंब. शिवणाऱ्या मावशींना कात्री. माडी असलेल्या घराला एकावर एक दोन चौकोन. ज्यांच्या अंगणात कडुनिंब होता त्यांना झाड. पैसे आले की खुणेपुढे भरीव ठिपका, आले नाहीत तर पोकळ, आणि रक्कम उचलली की छपरासारखा त्रिकोण. माझे बाबा आणि आत्या यांच्यासोबत बसून सोळांपैकी पंधरा खुणा मी लावल्या. एक खूण लागत नाही. वर्तुळ आणि त्याच्या बरोबर मध्यभागी एक ठिपका. नवल असे की साऱ्या वहीत सर्वाधिक पोकळ ठिपके याच घरापुढे आहेत. एका ठिकाणी सलग नऊ आठवडे या घराने काहीही दिलेले नाही, आणि त्या प्रत्येक पोकळ ठिपक्याशेजारी बारीक आकारात कधी कात्री, कधी नळ काढलेला आहे. म्हणजे त्यांचे पैसे त्या दोघींनी भरले असावेत. ते घर कोणाचेही असो, आजीने त्यांना भिशीतून काढले नाही, उलट तीनदा रक्कम उचलू दिली, यातच तिचे मोठेपण दिसते.

आणि म्हणूनच मला 'त्यागमूर्ती' हा शब्द पटत नाही. मूर्ती हिशेब ठेवत नाही. आजीने नऊ वर्षे पै-पैचा हिशेब ठेवला. ती दिवसभर काम करणारी, संघटना चालवणारी, पैशांचा व्यवहार कळणारी बाई होती. आपण तिच्या कामाला काम म्हणालो नाही, त्याग म्हणालो, आणि म्हणून त्याचा कागद मागायचेही कुणाला सुचले नाही. आपल्या घरांतल्या अशा बायकांबद्दल आपण कोणत्या शब्दांत लिहावे, याविषयी आपली मते वाचायला आवडतील.

कन्हानकाठ

ताई, आपल्या आजीला विनम्र अभिवादन. मी कामठीचाच, त्यामुळे पुष्कळ ओळखीचे वाटले.

कामठीच्या बिडी कामगारांची गोष्ट बाबू हरदास एल. एन. यांच्याशिवाय पुरी होत नाही. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी बिडी कामगारांना संघटित केले होते, हे आजच्या पिढीला फारसे माहीत नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठी मतदारसंघातून निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाची पस्तिशी जेमतेम पूर्ण होताच, क्षयाने गेले. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे. आपली आजी तेव्हा सात-आठ वर्षांची असणार, म्हणजे सुपाशी बसायला नुकतीच लागलेली.

१९४२ च्या परिषदेविषयी थोडी भर घालतो. नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद १८ आणि १९ जुलैला झाली, आणि २० जुलैला स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्त्रियांची उपस्थिती पाहून बाबासाहेबांनी आनंद व्यक्त केला होता. मुलामुलींना शिकवा, त्यांची लग्ने घाईने लावू नका आणि पत्नीने नवऱ्याशी मैत्रिणीच्या व बरोबरीच्या नात्याने राहावे, असे त्यांनी तेथे सांगितले. या परिषदेत जे ठराव झाले त्यांत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांबरोबरच गिरणीत, बिडी कारखान्यांत, नगरपालिकेत आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, इजा झाल्यास भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, अशीही मागणी होती.

ज्या मांडवाच्या चिखलात आपली आजी आईचे बोट धरून उभी होती, त्याच मांडवात तिच्या निवृत्तिवेतनाचा ठराव मंजूर होत होता. हे लिहिताना माझाच हात थांबला.

तांडापेठकर

धागा दोनदा वाचला. आजींना आदरांजली. तरीही एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत नाही, ते स्पष्टपणे लिहितो. राग मानू नये.

आमचे घर विणकरांचे. वडील मागावर बसत आणि आई सूत उकलून रहाटावर कांड्या भरून देई. लुगडे वडिलांच्या नावाने व्यापाऱ्याकडे जाई आणि पैसे वडिलांच्या हातात येत. त्या अर्थाने आईच्याही कामाचा कागद नाही, आपले म्हणणे मला तिथपर्यंत मान्य आहे. परंतु माझ्या आईने चार मुलांना जेवू घालून उरेल ते खाल्ले, आणि पुष्कळदा काही उरत नसे. मी दहावीत असताना परीक्षेच्या फीसाठी तिने पायातले तोरडे मोडले आणि ते पुन्हा कधीही केले नाहीत. याला काम म्हणू? याला त्यागच म्हणायला हवे. आपण हा शब्द काढून घेतलात तर माझ्याकडे तिच्यासाठी दुसरा शब्द उरत नाही. ती काय करते आहे हे तिला पूर्ण कळत होते, आणि कळूनही तिने ते केले.

आपला आक्षेप शब्दावर आहे की तो शब्द उच्चारून मोकळे होणाऱ्यांवर, हे आपण तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

कागदपत्र

मी कामगारविषयक कामात बरीच वर्षे होतो, म्हणून फक्त कायद्यापुरते लिहितो.

बिडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियम १९६६ साली आला. त्याने कारखान्यात बसून काम करणाऱ्यांबरोबरच घरी बिडी वळणाऱ्या बायकांनाही कामगार मानले आणि त्यांना प्रसूतिलाभ लागू केला. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती, कारण घरी बसून काम करणाऱ्या बाईला कामगार मानण्याची पद्धतच नव्हती. १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. १९७७ मध्ये बिडी उद्योग भविष्यनिर्वाह निधीखाली आला. त्यावर मालकांनी असे म्हटले की घरी काम करणारी बाई आमची नोकर नाही, ती सट्टेदाराची. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि घरी वळणारेही निधीस पात्र आहेत असा निर्णय १९८५ मध्ये झाला. निवृत्तिवेतनाची आजची योजना १९९५ ची आहे.

कायदा असूनही आपल्या आजींसारख्या बायका वगळल्या गेल्या त्याचे मुख्य कारण म्हणजे कार्ड. पाने आणि जर्दा कार्डावर मिळत आणि बिड्या कार्डावर जमा होत. एका कार्डामागे सासू, दोन सुना आणि एखादी अविवाहित नणंद असे चार हात असले तरी वहीत नाव एकाच हाताचे येई. सट्टेदाराला ते सोयीचे होते, कारण जितकी नावे कमी तितकी देणी कमी. मी तपासणीसाठी गेलो असता एका घरी दिवसाला अडीच हजार बिड्या एकाच बाईच्या नावे लिहिलेल्या पाहिल्या आहेत. एक बाई दिवसाला अडीच हजार बिड्या वळू शकत नाही, हे ती वही लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते.

तांडापेठकर साहेब, आपल्या मातोश्रींबद्दल वाचून गहिवरून आले. पण 'त्याग' हा शब्द कचेरीत चालत नाही, एवढेच मी अनुभवाने सांगू शकतो.

उत्तर नागपूर

ताईंच्या लेखनातून जाईबाई चौधरी यांची आठवण झाली. उमरेडला १८९२ मध्ये जन्मलेल्या, लहान वयात नागपुरात आलेल्या, पोटासाठी डोक्यावरून ओझी वाहिलेल्या आणि पुढे शिक्षिका झालेल्या या बाईंनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना आणि त्यांच्या सोबतिणींना वेगळे बसवण्यात आले. त्यांनी तो अपमान गिळला नाही. थोड्याच दिवसांत, १ जानेवारी १९३८ रोजी, आपल्या बायकांची निषेध सभा घेतली.

हे आज आपल्याला कळते, कारण उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगावी फिरून, वृद्ध बायकांशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. त्यांनी विचारले म्हणून त्या बायकांनी सांगितले. ताई, आपली वही जपून ठेवा. तिची प्रत्येक पानाची छायाचित्रे आजच काढा, कारण १९६८ च्या कागदाचे कोपरे हात लावला तरी तुटतात.

कन्हानकाठ

ताई, आणखी एक. त्या न लागलेल्या खुणेचा विचार काल रात्रभर डोक्यात होता. माझी आई पन्नास वर्षे बिड्या वळत होती. लहानपणी मी तिच्या समोर जमिनीवर पालथा पडून तिच्या हातांकडे पाहत असे. वळलेली बिडी ती तोंड बंद करण्यापूर्वी क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर धरत असे. समोरून पाहिल्यावर पानाचे गोल कडे दिसते आणि मध्यभागी जर्द्याचा काळा ठिपका.

आपल्या ओळीत बिडी वळणारे घर एकच होते, असे आपण लिहिले आहे.

इंदोऱ्याची नात

चार दिवस उत्तर लिहिले नाही त्याबद्दल क्षमस्व. कन्हानकाठ दादांचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबा काही बोलले नाहीत. उठले, वही घेऊन आले, चष्मा पुसला आणि जून १९६८ पासून एकेक आठवडा बोटाने मोजायला लागले. सलग नऊ पोकळ ठिपक्यांपर्यंत पोहोचायला त्यांना बराच वेळ लागला. ते आठवडे १९६९ च्या पावसाळ्यातले निघाले.

त्या पावसाळ्यात बाबा आठ वर्षांचे होते आणि त्यांना विषमज्वर झाला होता. ते दोन महिने रुग्णालयात आणि घरी पडून होते. आजी त्यांच्या उशाशी बसून असल्यामुळे सूप मांडीवर येत नव्हते. जाऊबाई एकट्या वळत होत्या आणि त्यांच्या हजार बिड्या पुऱ्या होत नव्हत्या. बाबांना त्यातले एवढेच आठवते की, कुणीतरी पितळी डब्यात तांदळाची पेज घेऊन येई आणि त्या बाईच्या बोटात शिवताना घालतात ते अंगुस्तान असे. आम्ही ती गोष्ट आजवर पेजेची म्हणून ऐकत आलो होतो. भिशीचे पैसेही बहुतेक आठवडे त्याच बाईने भरले, हे आजीने कधी सांगितले नाही, पण वहीत मात्र तिने ते प्रत्येक आठवड्याला लिहून ठेवले.

मी पहिल्या लेखात काय लिहिले ते पुन्हा वाचले. ते घर कोणाचेही असो, आजीने त्यांना काढले नाही, यातच तिचे मोठेपण, असे मी लिहिले होते. मला सोळा घरांत ती कुठे आहे, हे शोधायचे सुचलेच नाही. हिशेब ठेवणारी म्हणून मी तिला हिशेबाबाहेर उभे केले होते. 'त्यागमूर्ती' म्हणणाऱ्या पाच जणांनी जे केले तेच मी वेगळ्या शब्दांत केले. ती घेणारीही होती आणि नड पडली तेव्हा तिने तीनदा हात पुढे केला, हे माझ्या मनात आले नाही.

त्या तीन त्रिकोणांचाही शोध लागला. एक बाबांच्या आजारपणाचा. दुसरा आजोबांच्या गिरणीतल्या संपाच्या महिन्यांतला असावा, असे आत्याचे म्हणणे आहे. तिसऱ्याबद्दल मात्र आत्याची खात्री आहे, कारण तो तिचाच आहे. १९७४ मध्ये तिला परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा दोन पांढऱ्या साड्या, बूट, पुस्तके आणि फी यांची सोय एका रात्रीत झाली होती. आजोबांनी गिरणीतून उचल घेतली असे तिला पन्नास वर्षे वाटत होते. आत्याने पुढे पस्तीस वर्षे रुग्णालयात नोकरी केली. आज तिला निवृत्तिवेतन मिळते आणि त्याचा कागद तिच्या नावाने आहे.

तांडापेठकर काका, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. माझा राग शब्दावर नव्हता. आपल्या आईंनी तोरडे मोडले, तो त्यागच. तुमच्याकडून तो शब्द घेण्याचा मला अधिकार नाही. आपल्याला एकच विनंती आहे की ते तोरडे कोणत्या वर्षी मोडले, कोणत्या गल्लीतल्या सराफाकडे, आणि त्याचे किती रुपये आले, हे आठवत असेल तर लिहून ठेवावे. कागदपत्र काका, आपण सांगितलेली अडीच हजार बिड्यांची गोष्ट मी आत्याला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आमच्या घरी अठराशे लिहत होते."

उत्तर नागपूर यांच्या सूचनेप्रमाणे वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे काढली आहेत. काही कोपरे खरोखरच हातात आले. ते एका पाकिटात ठेवले आहेत.

आता एक मदत हवी आहे. कात्रीच्या खुणेच्या मावशी, ज्यांचे पांढरे लुगडे नेसून आजी दीक्षेला गेली आणि ज्यांनी नऊपैकी सहा आठवडे आमचे आठ आणे भरले, त्या साधारण १९८० च्या सुमारास इंदोरा सोडून मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा रेल्वेत होता आणि त्याची बदली झाली होती, एवढेच बाबांना आठवते. कडुनिंबाच्या झाडासमोरची ओळ, नळापासून तिसरे घर, दाराशी हातमशीन आणि उजव्या बोटात नेहमी अंगुस्तान. त्या घरच्या मुलांपैकी, नातवंडांपैकी कोणी हे वाचत असल्यास किंवा कोणाच्या ओळखीत असल्यास कृपया याच धाग्यावर कळवावे. बाबांना त्यांना भेटायचे आहे. जाताना वही सोबत न्यायची आहे, आणि १९६९ च्या पावसाळ्याचे पान त्यांना दाखवायचे आहे.